राजकारण दूर ठेवा म्हणणाऱ्यांचे राजकारण

वैद्यकीय व्यवसायाच्या संघटनांनी राजकारणात पडू नये, हा उपदेश अलीकडे इतक्या आत्मविश्वासाने केला जातो की त्यात शंका घेण्यासारखे काही असेल असे ऐकणाऱ्यास वाटतही नाही. नुकतेच एका व्यासंगी गृहस्थांनी अमेरिकेतील वैद्यकसंघटनांच्या धोरणांवर लिहिलेले एक प्रदीर्घ विवेचन माझ्या वाचनात आले आणि त्यातील इतिहासाची मोडतोड पाहून स्वस्थ बसणे मला अशक्य झाले. मतभेदाबद्दल माझी तक्रार नाही. परंतु जे घडलेच नाही ते घडले असे गृहीत धरून त्यावर नीतीचे प्रवचन उभारावे आणि वाचकांनी ते माना डोलावून ऐकावे, हा प्रकार मला सहन होत नाही.

पूर्वपक्ष थोडक्यात सांगतो. डॉक्टराने नाडी पाहावी, औषध द्यावे, शस्त्रक्रिया करावी आणि आपल्या शास्त्रापुरते बोलावे. अमेरिकेतील वैद्यकसंघटना एके काळी असेच वागत. शास्त्राला वाहिलेल्या आणि सर्व पक्षांपासून सारख्याच अलिप्त अशा त्या होत्या. पुढे गेल्या काही दशकांत पुरोगामी म्हणवणाऱ्यांनी त्यांचा कबजा घेतला आणि मग बंदुका, हवामानबदल, स्थलांतरित, वंशभेद अशा ज्यांचा स्टेथोस्कोपाशी संबंध नाही त्या विषयांवर ठरावांचा पाऊस पडू लागला. परिणामी सामान्य माणसाचा डॉक्टरांवरील विश्वास ढळला, सबब या संस्थांनी आपल्या जुन्या तटस्थतेकडे परत जावे. जाता जाता आपल्याकडील डॉक्टरांच्या संघटनांना हे खूळ अजून लागलेले नाही याबद्दल समाधानही व्यक्त झाले आहे.

हा सारा युक्तिवाद त्या जुन्या तटस्थतेच्या समजुतीवर उभा आहे. ती खरी असेल तर बाकीच्याचा विचार करता येईल. ती खोटी असेल तर परत जाण्याचे ठिकाणच उरत नाही. तेव्हा अमेरिकन मेडिकल असोसिएशन या 1847 साली फिलाडेल्फियात स्थापन झालेल्या आणि अमेरिकेतील डॉक्टरांची मुखत्यार म्हणून दीर्घकाळ मिरवलेल्या संस्थेचे दफ्तर उघडून पाहू.

सक्तीच्या आरोग्यविम्याला विरोध करणारा ठराव या संस्थेच्या प्रतिनिधिसभेने 1920 साली संमत केला. पुढच्याच वर्षी गरोदर स्त्रिया व अर्भके यांच्या आरोग्यासाठी राज्यांना केंद्राच्या तिजोरीतून मदत देणारा शेपर्ड-टाउनर कायदा झाला, तेव्हा त्यालाही तिने कडाडून विरोध केला. आणि 1922 साली सेंट लुई येथील अधिवेशनात तर असे घडले की संस्थेच्याच बालरोगविभागाने त्या कायद्याला पाठिंबा दिला असता प्रतिनिधिसभेने त्याच कायद्याचा निषेध केला आणि आपल्याच तज्ज्ञांना गप्प बसवण्याचा घाट घातला. मुलांच्या रोगांचे ज्ञान कोणाला अधिक, हे ठरवायला सभेची गरज नव्हती. गरज होती ती सरकार आपल्या व्यवसायात पाऊल टाकते आहे या भीतीची, आणि ती भीती त्या दिवशी शास्त्रावर मात करून गेली. कायदा 1929 साली संपुष्टात आला. दुखावलेल्या बालरोगतज्ज्ञांपैकी 35 जणांनी 1930 साली आपली स्वतंत्र अकादमी काढली. आज बंदुकांविषयी बोलते म्हणून आक्षेपकांच्या डोळ्यांत सलणारी बालरोगतज्ज्ञांची अकादमी ती हीच. तिच्या जन्मामागे हे भांडण होते, ही गोष्ट त्यांच्या विवेचनात कोठेही आलेली नाही.

पुढे चला. 1932 साली वैद्यकीय खर्चाचा अभ्यास करणाऱ्या एका समितीने डॉक्टरांनी एकत्र व्यवसाय करावा आणि लोकांनी आगाऊ वर्गणीने उपचारांची तरतूद करावी अशी अत्यंत सौम्य शिफारस केली, तर असोसिएशनच्या नियतकालिकाच्या संपादकीयात तिच्यावर समाजवादाचा, साम्यवादाचा आणि क्रांतीला चिथावणी दिल्याचा आरोप झाला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये 1937 साली काही सरकारी नोकरांनी वर्गणी काढून आपली आरोग्यसंस्था स्थापन केली. तिच्यात नोकरी धरणाऱ्या डॉक्टरांना वाळीत टाकण्याचा, त्यांना रुग्णालयांचे दरवाजे बंद करण्याचा उद्योग असोसिएशनने आणि तिच्या स्थानिक शाखेने इतक्या बेमुर्वतपणे केला की सरकारने मक्तेदारीविरोधी कायद्याखाली या दोघींवर फौजदारी खटला भरला. त्यांना 1941 साली अनुक्रमे 2,500 व 1,500 डॉलर दंड झाला आणि 1943 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. शास्त्राला वाहिलेली अलिप्त संस्था व्यापारात अडथळा आणल्याच्या गुन्ह्याखाली दोषी ठरते, ती कशी, याचा खुलासा आक्षेपकांनी करावा.

परंतु मला ज्यावर थोडे रेंगाळायचे आहे तो प्रसंग 1949 सालचा आहे. अध्यक्ष ट्रुमन यांनी नोव्हेंबर 1945 मध्ये राष्ट्रीय आरोग्यविम्याची योजना काँग्रेसपुढे ठेवली होती. 1948 च्या निवडणुकीत ते अनपेक्षितपणे निवडून आले, तेव्हा असोसिएशनने भयभीत होऊन प्रत्येक सभासदावर 25 डॉलरांची पट्टी बसवली आणि कॅलिफोर्नियातील व्हिटेकर आणि बॅक्स्टर या प्रचारधंदा करणाऱ्या दांपत्याला कामावर नेमले. या दांपत्याची ख्याती अशी की 1945 साली कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांची आरोग्यविम्याची योजना त्यांनी हाणून पाडली होती. आणि हे वॉरन रिपब्लिकन पक्षाचे होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण तिच्यावरून हे युद्ध पक्षासाठी नसून पैशाच्या थैलीसाठी होते हे स्पष्ट दिसते.

या मोहिमेसाठी निवडलेले चित्र म्हणजे सर ल्यूक फिल्ड्स यांचे ‘द डॉक्टर’. एका दरिद्री झोपडीत दोन खुर्च्या जोडून केलेल्या बिछान्यावर आजारी मूल निपचित पडले आहे, हनुवटीवर हात टेकून डॉक्टर त्याच्याकडे एकटक पाहत आहे, मागे अंधारात बाप उभा आहे आणि आई मेजावर डोके टेकून बसली आहे. फिल्ड्स यांचा स्वतःचा थोरला मुलगा 1877 साली वारला होता, आणि त्या वेळच्या डॉक्टराची स्मृती या 1891 च्या चित्रात उतरली असे मानतात. असोसिएशनच्या शताब्दीनिमित्त 1947 साली अमेरिकन टपालखात्याने काढलेल्या तिकिटावरही हेच चित्र होते. ते भित्तिपत्रकांवर छापून डॉक्टरांच्या दवाखान्यांत लावण्यात आले आणि खाली मजकूर दिला तो असा की या चित्रापासून राजकारण दूर ठेवा.

त्या भित्तिपत्रकाकडे मी अनेकदा विचारपूर्वक पाहिले आहे, आणि दर वेळी एकच प्रश्न मनात उभा राहतो. त्या झोपडीतला बाप डॉक्टराची फी कोठून देणार होता? चित्रातला डॉक्टर थोर मनाचा असेल, त्याने ती मागितलीही नसेल. परंतु देशातील लक्षावधी बापांनी अशा थोर मनाच्या डॉक्टराची वाट पाहत बसावे, की कायद्याने त्यांच्या मुलाच्या उशाशी डॉक्टर आणून बसवावा, हाच तर ट्रुमन यांच्या योजनेतला प्रश्न होता. आणि तो विचारू नका, असे सांगण्यासाठी त्याच गरिबाच्या मुलाचे चित्र वापरण्यात आले. हे चित्र ज्या इंग्लंडात काढले गेले तेथे 5 जुलै 1948 पासून राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली होती. म्हणजे अमेरिकेतील दवाखान्यांत ही भित्तिपत्रके लागली तेव्हा तशा झोपडीतल्या मुलाला इंग्लंडात डॉक्टर फुकट पाहत होता. आणि ही सेवाही डॉक्टरांच्या संघटनेला नको होती: त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने आपल्या सभासदांचे मत घेतले असता चाळीस हजारांहून अधिक मते विरोधात आणि पाच हजारांहून कमी मते बाजूने पडली होती. राजकारण दूर ठेवा असे सांगणारी मोहीम ही अमेरिकेतील वैद्यकाच्या इतिहासातील सर्वांत मोठ्या राजकीय मोहिमांपैकी एक होती. तिच्यासाठी पट्टी बसली, प्रचारक नेमले गेले, काँग्रेसच्या सभासदांवर दडपण आले, आणि योजना बारगळली. आक्षेपक आज जो उपदेश शास्त्राच्या नावाने करीत आहेत तो त्या भित्तिपत्रकाखालचा मजकूरच आहे.

1961 साली हाच प्रयोग पुन्हा झाला. वृद्धांना सरकारी विमा मिळू नये म्हणून असोसिएशनच्या महिला शाखेने घरोघर कॉफीची आमंत्रणे देऊन रोनाल्ड रेगन या नटाच्या आवाजातली ध्वनिमुद्रिका ऐकवली आणि जमलेल्या स्त्रियांनी आपण होऊन लिहिल्यासारखी पत्रे काँग्रेसला पाठवावीत अशी व्यवस्था केली. या वेळी मात्र मोहीम फसली, आणि 30 जुलै 1965 रोजी वृद्ध ट्रुमन यांच्या साक्षीने त्या विम्याच्या कायद्यावर सही झाली.

येथे आणखी एक गोष्ट सांगणे भाग आहे, कारण तटस्थतेची खरी किंमत कोण देतो ते तिच्यातून कळते. दक्षिणेतील राज्यांत स्थानिक वैद्यकसंस्था कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करून घेत नसत. सभासदत्व नाही म्हणून अनेक रुग्णालयांत प्रवेश नाही, आणि प्रवेश नाही म्हणून त्यांच्या रुग्णांची आबाळ. या डॉक्टरांना 1895 साली अटलांटा येथे आपली वेगळी राष्ट्रीय संस्था काढावी लागली. असोसिएशनकडे दाद मागितली की उत्तर ठरलेले असे: सभासद कोणाला करावे हा स्थानिक संस्थांचा अखत्यार आहे, त्यात आम्ही पडत नाही. आणि न पडणाऱ्या याच संस्थेच्या डॉक्टरांच्या नामावलीत विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत कृष्णवर्णीयांच्या नावापुढे त्यांच्या वर्णाची खूण छापली जात असे. भेद करणाऱ्या शाखांना काढून टाकण्याची तरतूद 1968 साली झाली आणि संस्थेने जाहीर माफी मागितली ती 2008 साली. आक्षेपक ज्या वंशभेदविषयक ठरावांना उपरे म्हणतात ते या जुन्या कर्जाची परतफेड आहेत. मुद्दलही अजून फिटलेले नाही.

हा वाद मला नवा नाही. साहित्यसंस्थांनी राजकारणाविषयी ठराव करावेत की नाही, यावर आपल्याकडे किती दशके शाई सांडली आहे हे वाचक जाणतातच. त्या वादात पूर्वी मीही यथाशक्ति भाग घेतला होता, आणि तेव्हाही माझा अनुभव असाच होता की व्यासपीठावर मंत्र्यांना मानाची खुर्ची मिळाली, सरकारी अनुदानाचे आभार मानले गेले, तेव्हा कोणाला राजकारणाचा वास आला नाही. एखाद्या लेखकाने उभे राहून सत्तेला चार खरे शब्द सुनावले की लगेच साहित्याच्या पावित्र्याची आठवण झाली. पावित्र्याची आठवण नेमकी केव्हा होते, ते पाहिले म्हणजे आठवण करून देणाऱ्याचा पक्ष कळतो.

बंदुकांविषयी थोडेसे. अमेरिकन फिजिशियनांच्या कॉलेजाने 2018 च्या ऑक्टोबरअखेर बंदुकांच्या जखमांविषयी आपली भूमिका प्रसिद्ध केली, तेव्हा बंदूकवाल्यांच्या राष्ट्रीय संघटनेने 7 नोव्हेंबरला डॉक्टरांना आपल्या मर्यादेत राहण्याची ताकीद दिली. त्याच रात्री कॅलिफोर्नियात एका मद्यगृहात झालेल्या गोळीबारात 12 निरपराध माणसे मारली गेली. गोळीने फुटलेले यकृत शिवणाऱ्याला गोळीविषयी बोलण्याचा अधिकार नाही, असे म्हणणाऱ्याला मी उत्तर देऊ इच्छीत नाही. पुरावा अपुरा आहे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे की 1996 साली काँग्रेसने रोगनियंत्रण केंद्राच्या पैशातून बंदूकनियंत्रणाचा पुरस्कार होऊ नये अशी अट घातली आणि त्या धास्तीने या विषयावरचे सरकारी संशोधन वीसहून अधिक वर्षे खुंटले. फ्लोरिडाने तर 2011 साली डॉक्टरांनी रुग्णाला घरातल्या बंदुकीविषयी प्रश्न विचारू नयेत असा कायदाच केला, जो बहुतांशी 2017 साली न्यायालयाने रद्द केला. तपासणीच्या खोलीत राजकारण विधिमंडळाने आणले. डॉक्टर तेथे आधीपासूनच बसलेला होता.

विश्वास ढळला, हा आक्षेप मात्र निराधार नाही. 2020 च्या जूनमध्ये कोरोनाची साथ भरात असता हजाराहून अधिक आरोग्यव्यावसायिकांनी वंशभेदाविरुद्धच्या निदर्शनांना पाठिंबा देणारे पत्र काढले, आणि इतर सर्व गर्दी अपायकारक ठरवणाऱ्यांनी या गर्दीला वेगळा न्याय लावला असे लोकांना दिसले. ते पत्र व्यक्तींचे होते, संस्थेचे नव्हते. तरीही त्याने नुकसान केले.

आणि डावीकडे झुकाव आहे म्हणता, तर तो कोणाचा हेही पाहू. अमेरिकन डॉक्टरांनी राजकीय उमेदवारांना दिलेल्या देणग्यांचा 2014 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे. 2011-12 च्या निवडणूककाळात देणगी देणाऱ्या शल्यविशारदांपैकी सुमारे 70 टक्क्यांनी रिपब्लिकनांना पैसे दिले, बालरोगतज्ज्ञांपैकी सुमारे 22 टक्क्यांनी. एकाच पदवीची, एकच शपथ घेतलेली ही माणसे. एका शाखेची मिळकत मोठी, दुसरीची त्या मानाने लहान. यावरून सर्व मते थैलीने ठरतात असे मी म्हणत नाही, परंतु सारा पेशा कोणा एका पक्षाने गिळला आहे ही कल्पना तरी या आकड्यांपुढे टिकत नाही.

आता आपल्याकडील संघटनांबद्दलच्या समाधानाकडे वळतो. डॉक्टरांच्या सेवेला ग्राहक संरक्षण कायदा लागू होऊ नये म्हणून इंडियन मेडिकल असोसिएशन सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि नोव्हेंबर 1995 मध्ये तेथे हरली, हे आक्षेपकांना ठाऊक नाही काय? गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातला पहिला कायदा 1988 साली महाराष्ट्राने केला, केंद्राचा कायदा 1994 साली आला. तो कायदा व्हावा म्हणून झगडले ते स्त्रीसंघटना, कार्यकर्ते आणि विवेकी असे मूठभर डॉक्टर. राज्यातील सहा वर्षांखालील मुलींचे दर हजार मुलांमागील प्रमाण 1991 साली 946 होते, 2001 साली 913 झाले, 2011 साली 894 वर आले. त्या वीस वर्षांत सोनोग्राफीची यंत्रे कोणाच्या हातात होती? आणि 2016 च्या सप्टेंबरात क्षकिरणतज्ज्ञांच्या संघटनेने देशभर काम बंद ठेवले, ते मुली नाहीशा झाल्या म्हणून नव्हे. त्या कायद्याखाली तपासणीच्या नोंदीसाठी भरावयाच्या ‘एफ’ फॉर्ममधल्या कारकुनी चुकांना गुन्हा मानू नये म्हणून. त्या तक्रारीत तथ्यांश असेल, मी तो नाकारीत नाही. पण आपल्या फॉर्मसाठी यंत्रे थांबवणारा पेशा मुलींसाठी कधी थांबला नाही, आणि त्याला कोणी राजकारण म्हटले नाही.

तर मंडन. वैद्यकसंघटनेने राजकारण करावे काय? ती करतेच, विचार एवढाच करायचा की ते कोणाच्या वतीने करते आणि उघडपणे करते की नाही. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 1962 साली धूम्रपानावरचा आपला अहवाल काढला, तेव्हा रोगाचा पुरावा सांगून ती संस्था थांबली नाही. जाहिरातींवर निर्बंध घाला आणि कर वाढवा असेही तिने सरकारला सांगितले. तंबाखूच्या उत्पन्नावर तिजोरी भरणाऱ्या देशात हे बोलणे राजकीयच होते. उलट अमेरिकन मेडिकल असोसिएशनने 1964 साली, सिगारेटी घातक असल्याचा सर्जन-जनरलांचा अहवाल बाहेर पडल्यानंतर, पाकिटांवर इशारा छापण्याची गरज नाही असे सरकारला लिहून कळवले आणि त्याच सुमारास संशोधनासाठी तंबाखू कंपन्यांकडून एक कोटी डॉलरांचे वचन स्वीकारले. दोन्ही संस्थांनी राजकारण केले. एकीने रुग्णाची बाजू घेतली आणि तिच्या बोलण्यामागे पुरावा उघड मांडलेला होता. दुसरीच्या बोलण्यामागे हितसंबंध होता आणि तो मौनात गुंडाळलेला होता. मला पहिलीसारखी संस्था हवी आहे. तिने पुरावा कोठे संपतो आणि आपली मूल्ये कोठे सुरू होतात ते स्वच्छ लिहावे, सभासदांपैकी किती जण विरोधात होते ते नोंदवावे, पैसा कोठून आला ते सांगावे. याहून मोठे तत्त्वज्ञान माझ्यापाशी नाही.

महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या संघटनांचे जे सभासद हे वाचत असतील त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी आपल्या शाखेच्या पुढल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव मांडावा: संघटनेने गेल्या वीस वर्षांत सरकारकडे केलेल्या सर्व मागण्या, काढलेले सर्व मोर्चे आणि पुकारलेले सर्व बंद यांची यादी छापावी, आणि प्रत्येकापुढे तो रुग्णासाठी होता की व्यवसायासाठी, हे लिहावे.